पाचर

पितृपक्ष लागला की आमच्या घरात माळ्याचा विषय निघतो. घट बसायच्या आत घर लख्ख व्हायला हवं, हे त्याचं जाहीर कारण. पण माळ्यावर जे पहुडलेलं आहे त्याकडे पाहिलं की मला या मुहूर्तात जरा जास्तच औचित्य दिसतं. आमच्या घराण्यातल्या यंत्रांच्या तीन पिढ्या तिथे विसावल्या आहेत. अगदी कोपऱ्यात वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ, त्याला टेकून माझा टेपरेकॉर्डर, त्याच्या अंगावर पाय टाकून मुलाचा पहिला संगणक, आणि मधल्या फटींत मोबाइल, माउस, मोडेम, एक डीव्हीडी प्लेअर अशी चिल्लीपिल्ली. यातलं एकही चालत नाही आणि यातलं एकही आम्ही टाकलेलं नाही. 'असू दे, लागेल' हा आमच्या घरचा तारक मंत्र. काय लागेल, कुणाला लागेल, कधी लागेल, हे विचारायची पद्धत नाही. वस्तू बंद पडली की ती आधी हॉलमधून आतल्या खोलीत जाते, तिथून पलंगाखाली, आणि मग एका रविवारी शिडी लावून तिला वर पोचवतात. वानप्रस्थ आणि संन्यास यांच्यामधला एक आश्रम शास्त्रकारांच्या नजरेतून सुटला, तो माळा.

या वर्षी मात्र बायकोनं निर्वाणीचं सांगितलं, "अहो, माळा आहे तो. म्युझियम नव्हे." भंगारवाल्याला बोलावणं गेलं. त्यानं खोक्यात हात घालून दोन वस्तू वरखाली केल्या आणि नाडी बघितलेल्या वैद्याच्या स्वरात निदान केलं, "सगळं मिक्स आहे, साहेब." त्याच्या शास्त्रात लोखंडाला भाव असतो, पितळेला त्याहून जास्त, तांब्याला आणखी जास्त, आणि ज्यात सगळंच थोडं थोडं असतं त्याला जवळपास काहीच नसतो. काट्याच्या आकड्याला लटकलेल्या माझ्या टेपरेकॉर्डरकडे मी पाहत राहिलो. कॉलेजात असताना या यंत्रापुढे बसून मी कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून किती रात्री सुटलेली फीत गुंडाळली असेल! भीमसेनांची तान ऐन वर चढताना यानं फीत चावली तेव्हा डोळ्यांत पाणी आणलं होतं. त्या सगळ्याचं वजन साडेतीन किलो भरलं. माणसानं आपलं तारुण्य काट्यावर घालू नये. भाव पटत नाही.

तेवढ्यात भाचीचा फोन आला. भाची शिल्पकला शिकते. माती, प्लास्टर, ब्राँझ असं काही शिकत असेल अशी आमची बरेच दिवस समजूत होती. पण गेलं वर्षभर ती मेलेल्या कीबोर्डांचे मासे आणि हार्ड डिस्कच्या चकत्यांचे डोळे लावलेली घुबडं करते आहे. "मामा, काही म्हणजे काही विकू नकोस, मी निघाले," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. लिलावात निघालेल्या वाड्याच्या वारसानं धावत यावं, तशी घाई तिच्या आवाजात होती. भंगारवाल्यानं टेपरेकॉर्डर आकड्यावरून उतरवला आणि मला समजावलं, "असली पोरं वाढलीत हल्ली. आमच्याकडं येऊन पण निवडून नेतात." म्हणजे कला त्याच्या गोदामापर्यंत कधीच पोचली होती. उशीर मलाच झाला होता.

'टाकाऊतून टिकाऊ' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते मिरजेच्या शाळेत, कार्यानुभवाच्या तासाला. सातवीत होतो. घरातल्या निरुपयोगी वस्तूंपासून काहीतरी उपयोगी करून आणा, असं बाईंनी सांगितलं होतं. वर्गात फुलदाण्यांचं अमाप पीक आलं. नारळाच्या करवंट्या, शाईच्या बाटल्या, पावडरचे डबे, ज्यात म्हणून देठ उभा राहू शकतो त्या प्रत्येक गोष्टीची फुलदाणी झाली. तेवढी फुलं गावात नव्हती. मी रेडिओ केला. रिकाम्या काड्यापेट्या एकमेकींना खळीनं चिकटवल्या, वरून नीळ कालवून फासली, कान म्हणून शर्टाची दोन बटणं लावली आणि पानपट्टीसमोर सापडलेल्या सिगारेटच्या चांदीवर कंपासच्या टोकानं स्टेशनांची नावं कोरली. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. "याचा उपयोग काय?" मी म्हणालो, "गाणी." "लागतात?" मी खरं ते सांगितलं. फुलदाण्यांना 'अ' मिळाला, रेडिओला 'क'. घरी आल्याबरोबर मी तो न्हाणीघरात बंबाच्या जळणावर भिरकावला. त्या बंबानं माझ्या लहानपणी बरीच कला पोटात घेतली आहे.

भाची आली ती बाळंतपणाला निघालेल्या सुइणीसारखी पिशवी घेऊन. तिनं जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली, हातमोजे चढवले, तोंडाला मास्क बांधला आणि आधी नियम सांगितले. फुगलेल्या बॅटरीला हात लावायचा नाही. जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब उघडायचीच नाही. तिच्या काचेत शिसं असतं, आत निर्वात पोकळी असते, आणि बटण बंद केल्यावरही ती बराच वेळ झटका धरून बसते. आमच्या नात्यात अशा दोन आत्या असल्यामुळे मला ते चटकन समजलं. टीव्ही आणि बॅटऱ्या ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात जातील असं ठरलं आणि बाकीच्यांचे स्क्रू निघू लागले. टेपरेकॉर्डरच्या पोटातून तिनं तपकिरी रंगाची एक पाटी बाहेर काढली. तिच्या वरच्या अंगाला नुसती लगबग होती: बडीशेपेच्या रंगीत गोळ्यांसारखे पट्टेदार रेझिस्टर, पाणी भरून ठेवलेल्या बुटक्या पिंपांसारखे कपॅसिटर, आणि बऱ्याच पायांची एक काळी गोम. मग तिनं पाटी उलटी केली, आणि मी चष्मा पुसला. मागच्या बाजूला ठिपक्यांची रांगोळी होती. चांदीचे ठिपके आणि त्यांना जोडत गेलेल्या तांब्याच्या रेषा; कुठे सरळ, कुठे एखाद्या ठिपक्याला वळसा घालून हलकेच वळलेल्या. "ही वळणं बघ मामा," ती म्हणाली, "ही माणसाच्या हातानं आखलेली आहेत. नंतरच्या बोर्डांवर संगणकानं रेषा आखल्या, त्या सगळ्या मोजून पंचेचाळीस अंशांत वळतात." म्हणजे कुण्या अनोळखी माणसानं माझ्या टेपरेकॉर्डरच्या पोटात रांगोळी घातली होती, वर झाकण लावलं होतं, आणि मी इतकी वर्षं उंबऱ्याच्या बाहेरूनच गाणी ऐकत होतो.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आजीच्या काळात वस्तूंना मरण यायचं, आणि तेही टप्प्याटप्प्यानं, सर्वांचा निरोप घेत. लुगडं विरलं की त्याची वाकळ व्हायची, वाकळ झिजली की तिचं पोतेरं, पोतेऱ्याच्या चिंध्या झाल्या की त्या बंबात, आणि बंबातली राख भांडी घासायला. लुगडं नक्की कधी संपलं, हे कुणालाच सांगता यायचं नाही. सर्किट बोर्डाला हे जमत नाही. तो कुजत नाही, विरत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि तो बंबात घालायची तर सोयच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबानं २०२२ या एका वर्षात जगानं ६ कोटी २० लाख टन असला कचरा केला, आणि त्यातला पाचातला जेमतेम एक हिस्सा रीतसर गोळा झाल्याची नोंद आहे. बाईंनी टाकाऊतून टिकाऊ करायला शिकवलं खरं; पण माझ्या माळ्यावरच्या मंडळींना टिकण्याचा सल्ला द्यायची गरजच नव्हती. ती टिकून राहिलीच होती. टिकली नव्हती ती आमची गरज.

दुसऱ्या दिवशी रिमोटांचं खोकं उघडलं. पाच रिमोट होते. त्यांचे टीव्ही कधीच गेले होते, पण अंगावरचं प्लास्टिकचं आवरण तसंच, रबरबँडसकट. मला एकदम आमच्या मिरजेची आठवण झाली. मिरज हे पटवर्धनांचं संस्थान. १९४८ साली ते विलीन झालं. पण माझ्या लहानपणीही जुनी माणसं 'सरकारवाड्याकडून' हा शब्द अशा अदबीनं उच्चारायची, की आतून अजून हुकूम सुटत असावेत असं वाटे. हे पाच रिमोट तसेच होते. राज्य गेलं, हुकमाची बटणं राहिली. त्यांच्याखाली चार्जरांचा गुंता निघाला. पूर्वी कुणाच्याही घरी गेलं की पाणी विचारायच्या आधी 'जाड पिन की बारीक पिन?' असं विचारलं जायचं, आणि जाड पिनवाल्यांच्या घरात बारीक पिनवाला पाहुणा परक्या जातीतल्यासारखा अवघडून बसायचा. तो सगळा भेदाभेद आता एका खोक्यात गळ्यात गळे घालून पडला होता. भाचीनं एकही गाठ सोडवली नाही. नुसता तो गुंता वर उचलून धरला, दिव्यासमोर नेला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "पारंब्या." तेव्हा मला कळलं की ही मुलगी वड करते आहे.

रात्री जेवणानंतर तिनं मला तिच्या पंथातल्या संतांची ओळख करून दिली. त्यातले आद्य पुरुष नाम जून पाइक, मूळचे कोरियाचे. १९७४ साली त्यांनी बुद्धाची एक मूर्ती टीव्हीसमोर बसवली आणि टीव्हीवर कॅमेऱ्यातून त्या बुद्धाचंच चित्र दाखवलं. तेव्हापासून बुद्ध शांतपणे स्वतःचंच थेट प्रक्षेपण पाहत बसले आहेत. हल्लीच्या तरुणांना पाहिलं की पाइक यांना काय दिसलं होतं ते कळतं, फरक शांततेचा. पुढे सोल ऑलिंपिकच्या वर्षी, १९८८ मध्ये, त्यांनी १,००३ टीव्हींचा एक मनोरा रचला. तीन ऑक्टोबर हा कोरियाचा राष्ट्रस्थापनेचा दिवस, म्हणून तो आकडा. पण टीव्ही म्हणजे शेवटी टीव्ही. ते एकेक करून म्हातारे झाले आणि २०१८ साली मनोरा बंद ठेवावा लागला. मग सरकारी संग्रहालयावर वेळ आली ती जुने, वापरलेले, पाठीला कुबड असलेले टीव्ही शोधत फिरण्याची. काहींच्या जागी सपाट पडदे बसवले, काही सेकंडहँड मिळाले, आणि २०२२ साली मनोरा पुन्हा उजळला. अख्खं राष्ट्र भंगारवाल्याच्या दारात उभं आहे आणि भंगारवाला 'बघतो, सांगतो' म्हणतो आहे, हे दृश्य मी मनाशी बराच वेळ घोळवत बसलो.

आपल्याकडचे नेकचंद मला ठाऊक होते. चंदीगडमध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांवर देखरेख करणारा हा साधा नोकरदार. नवं, आखीव, कोरंकरकरीत शहर उभं राहत होतं आणि त्यासाठी पाडलेल्या खेड्यांचा राडारोडा साचत होता. हा गृहस्थ रात्री सायकलवरून तो उचलून जंगलात नेई: फुटक्या कपबश्या, बांगड्या, फरशा, विजेच्या फिटिंगचे चिनी मातीचे तुकडे. अनेक वर्षं कुणाला पत्ता नव्हता. सरकारला कळलं तेव्हा कायद्यानं ते सगळं पाडायला हवं होतं. सरकारनं चक्क पगार देऊन त्याला तेच काम पुढं करायला लावलं. रॉक गार्डन १९७६ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, १९८४ मध्ये पद्मश्री आली. सरकारी खात्यात एखादं काम इतक्या गुपचूप आणि इतकं चांगलं झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी पटकन आठवत नाही.

मग भाचीनं टोकियोची गोष्ट काढली. तिथल्या ऑलिंपिकसाठी जपाननं लोकांकडून जवळजवळ ७९ हजार टन जुनी उपकरणं गोळा केली, त्यात सुमारे ६२ लाख मोबाइल होते. त्यांतून निघालेल्या ३२ किलो सोन्यातून, साडेतीन हजार किलो चांदीतून आणि ब्राँझमधून तिथली सुमारे ५ हजार पदकं घडली. ७ ऑगस्ट २०२१ ला नीरज चोप्रानं ८७.५८ मीटर भाला फेकला आणि आपण सगळे दिवाणखान्यात उभे राहिलो, तेव्हा त्याच्या गळ्यात जे सोनं आलं ते एके काळी ओसाका-टोकियोतल्या कुणाकुणाच्या खिशात थरथरत होतं. त्यात कुणाचे न उचललेले फोन असतील, कुणाच्या 'निघालोय, पाच मिनिटांत पोचतो' अशा थापा असतील. त्यातून राष्ट्रगीत निघालं. हे ऐकून मी बोर्डाच्या कडेच्या सोनेरी दातांकडे जरा लोभानं पाहिलं असावं, कारण भाची गंभीर झाली. दिल्लीत सीलमपूरच्या बोळांत माणसं उघड्या हातांनी हेच बोर्ड फोडतात, तारा जाळून तांबं काढतात, म्हणाली. त्या धुरात पोरंही असतात. तिच्या हातमोज्यांकडे माझं लक्ष गेलं. पुढचा अर्धा तास आम्ही न बोलता स्क्रू वेचले.

मला विचाराल तर या पंथाचं एक जुनं पीठ आमच्या मिरजेतच आहे. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार आणि झिलई देणारे. एकोणिसाव्या शतकात राज्यं निवली, तलवारी खुंटीला लागल्या आणि शिकलगारांचे हात रिकामे झाले. तेव्हा त्यांच्यातल्याच फरीदसाहेबांनी ते हात तंतुवाद्यांकडे वळवले. त्यासाठी घेतला तो भोपळाही भाजीला न चालणारा, कडू. टाकलेला धंदा आणि टाकलेला भोपळा, दोन्ही मिळून तंबोरा झाला. सतारमेकर गल्लीतून शाळेला जाताना मी भिंतीला टेकून वाळत ठेवलेले ते भोपळे रोज पाहायचो. आत काही नसल्याशिवाय त्यांच्यातून स्वर निघत नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर परीक्षेतल्या माझ्या डोक्याबद्दल मला इतकी काळजी वाटली नसती.

सगळ्यांत शेवटी रेडिओ राहिला. तीन दिवस मी तो या ना त्या कारणानं टाळत होतो. रेडिओ अण्णांचा, म्हणजे वडिलांचा. घरात त्याला मान होता, पण जरा संशयाचाही. त्याला पोस्टातून लायसन्स लागायचं. दरवर्षी पैसे भरायचे आणि पुस्तिकेत तिकीट चिकटवून घ्यायचं. बंदूक आणि रेडिओ या दोनच गोष्टी घरात ठेवायला सरकारला विचारावं लागतं असं आम्हा मुलांना वाटे, आणि बुधवारी रात्री सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की ते खरंही वाटे. १९५५ साली पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकायचे, असं आई सांगायची. आमचा रेडिओ त्यानंतर काही वर्षांनी घरात आला, त्यामुळे त्याचा हार हुकला. दसऱ्याला आमच्याकडे पूजा व्हायची ती कामाच्या वस्तूंची: अण्णांची सायकल, आईचं शिवणयंत्र, विळी, आमच्या पाट्या. रेडिओ चैनीत मोडायचा. त्याला लायसन्स होतं, फूल नव्हतं. आवाज गेला की अण्णा त्याला उजव्या अंगाला दोन थापट्या मारत. शिक्षा म्हणून नव्हे; झोप न येणाऱ्या मुलाला थोपटावं तशा. आणि तो ऐकायचा. एका पावसाळ्यात मात्र त्याला थरथर लागली. खर्जातला स्वर आला की अख्खी पेटी आतून झणझणायची. थापट्या चालेनात. एका रविवारी अण्णांनी मागचा पत्रा उघडला, पाठमोरे बसून काहीतरी केलं, पत्रा लावला, आणि थरथर गेली ती कायमची. काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही असेल असं आम्हालाही वाटलं नाही.

तोच पत्रा आता भाचीनं उघडला. आतून बंद देवघरासारखा वास आला. व्हॉल्व्ह धुळीनं आंधळे झालेले, गँग कंडेन्सरची पानं अर्धवट उघडलेल्या पंख्यासारखी, डायलचा दोरा सैल पडलेला, आणि डायलच्या काचेवर दिल्ली, सिलोन, लंडन शेजारी शेजारी, वीतभर अंतरावर. भाचीचा टॉर्च स्पीकरवर स्थिरावला. "इथं कुणीतरी पाचर मारलीय," ती म्हणाली. स्पीकरची कड आणि लाकूड यांच्या फटीत पुठ्ठ्याची एक घट्ट घडी बसवलेली होती. तिनं चिमटा पुढे केला. मराठीत पाचर मारणं हे काही चांगलं काम समजलं जात नाही, आणि पाचर उपटणाऱ्या माकडाचं काय झालं हे आपण सगळेच शाळेत शिकलो आहोत. मी म्हणालो, "थांब." टॉर्च जवळ नेला. घडीच्या एका अंगाला काडी ओढायची तपकिरी पट्टी होती. दुसऱ्या अंगाला नीळ.

माझ्या रेडिओचा तो तुकडा. सगळा बंबात गेला नव्हता तर. अण्णांनी तो ओळखून घेतला, की जळणातला हाताला लागेल तो पुठ्ठा उचलला, हे आता विचारायला अण्णा नाहीत. असते तरी सांगितलं नसतं. 'बसत होता, बसवला,' म्हणाले असते. त्यांच्या पिढीत माया आणि काटकसर यांची चाल एकच असायची. पायरव ऐकून कोण येतं आहे ते ओळखता येत नसे. एवढं मात्र खरं, की त्यानंतर कितीतरी वर्षं त्या घरात लागलेलं प्रत्येक गाणं माझ्या 'क' श्रेणीच्या काड्यापेटीनं सावरून धरलं होतं. याचा उपयोग काय, या बाईंच्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर चुकलं नव्हतं. थोडं लवकर दिलं होतं. भाचीनं माझ्याकडे पाहिलं, चिमटा पिशवीत ठेवला आणि काही विचारलं नाही. शिल्पकला शिकण्याचा हा एक फायदा असावा. कशाला हात लावायचा नाही, तेही शिकवत असतील.

वड आता आमच्या हॉलमध्ये आहे. बुंधा रेडिओच्या पेटीचा, फांद्यांवर पालथ्या बोर्डांची पानं, म्हणजे ठिपक्यांची बाजू वर. जाड आणि बारीक पिनांच्या पारंब्या खाली लोंबतात. रिमोट मुळांशी आहेत, पाराच्या दगडांसारखे, आवरणं काढून. येणारे-जाणारे त्याच्यासमोर उभे राहून आपापला फोन ओळखतात. आपल्याकडेही हाच होता, असं म्हणत दोन पावलं जवळ जातात आणि मग चहा निवेपर्यंत तिथंच बोलत राहतात. बायकोनं पहिल्या दिवशी त्याला सर्व बाजूंनी न्याहाळून एवढंच विचारलं, "हे पुसायचं कसं?" समीक्षेचा इतका मूलभूत प्रश्न मी कुठल्या प्रदर्शनात ऐकलेला नाही. तिच्या मते माळा रिकामा झाला आणि हॉल भरला, एवढाच या कलेचा हिशेब.

दसऱ्याला सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो तेव्हा पाटावर पूजा मांडून झाली होती. मुलाचा लॅपटॉप, मिक्सर, स्कूटरची किल्ली, भाचीचा स्क्रूड्रायव्हर. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर एकेक झेंडूचं फूल. झेंडूचा एक आख्खा हार उरला होता, तो बायकोनं स्टुलावर चढून वडाच्या बुंध्याला घातला. कुणी काही म्हणालं नाही. रेडिओ लागत नाही. त्याला वीज जोडलेली नाही, आत थरथरण्यासारखं काही उरलेलं नाही. पाचर जागेवर आहे.